भाताच्या मुलखातला हुरडा

भिजवलेल्या तेंदूच्या पानांचा वास कुठून तरी येतो आणि माझी बोटं अजून अस्वस्थ होतात. तुरट, ओलसर, किंचित कुबट असा तो वास. त्यात तंबाखूची नाकात चढणारी धूळ, आणि सात-आठ कात्र्यांची ती अखंड करकर! मन माणसाचं, पण ते बांधलेलं असतं कुठल्या कुठे! माझं त्या वासाला बांधलेलं आहे, आणि त्या वासाला बांधलेली आहे पुठ्ठा गळून गेलेली एक जुनी कादंबरी.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी मंगळवेढ्याकडच्या खेड्यातून सोलापूरच्या पूर्व भागात आले. सातवीनंतर शाळा सुटलेली. एवढंसं तर अंतर, असं कुणी म्हणेल. पण वर्षातून एकदाच माहेर पाहणाऱ्या मुलीला विचारावं, अंतर कशानं मोजतात ते! हे गिरणीत जात, आणि मी शेजारच्या नरसव्वांच्या ओसरीवर विड्या वळायला बसे. साऱ्या बायकांना मराठी कळे, पण आपसात त्या तेलुगू बोलत. त्या हसल्या की मला वाटे, मलाच हसल्या. माझी विडी सैल पडे, तोंड उसवे. उद्या ‘येऊ नको’ म्हणतील, या धास्तीनं हात आणखीच चुकत.

एकदा रद्दीच्या गठ्ठ्यातून ती कादंबरी निघाली. मी सवयीनं चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि थांबले, तर नरसव्वा म्हणाल्या, “थांबलीस का गं बिड्डा? वाच की!” बिड्डा म्हणजे लेकरू. त्या परमुलखात मला लेकरू म्हणणारं ते पहिलं माणूस. त्या दुपारपासून रीतच पडली: मी वाचायचं, आणि प्रत्येकीनं आपल्या वळलेल्या विड्यांतली मूठभर माझ्या सुपात टाकायची. मी न वळलेल्या विड्यांनी माझं सूप भरे.

डोंगरातल्या, भात पिकवणाऱ्या एका वाडीची ती कथा. ओढा भरला की वाडी जगापासून तुटे, म्हणून घरटी एक माणूस देऊन त्या लोकांनी दगडी पूल बांधायला घेतलेला. भांडत, रुसत, पुन्हा एकत्र येत ते दगडावर दगड चढवत होते, आणि त्या साऱ्यांना ओळंब्यात धरणारा होता एक म्हातारा गवंडी. नरसव्वांचा थोरला, रामुलू, धरणाच्या कामावर दगड बसवायला गेलेला. दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. त्या मात्र रोज एवढंच विचारत, “आज गवंडी काय करतोय?”

आणि एका दुपारी माझी नजर ओठांच्या पुढे धावली. दुसऱ्या खांबाचा पाया, वर पाऊस, अचानक चढलेलं पाणी, सुटलेला दोर. गवंडी गेला होता. मी मान वर केली. नरसव्वांची कात्री पानावर थबकली होती. काय वाचणार होते मी त्या डोळ्यांसमोर? मी दोर सुटू दिला नाही. गवंड्याला तोंडानंच पाण्यातून ओढून काढलं.

पण जगवलेल्या माणसाला रोज जगवावं लागतं! त्याला बोलतं करावं लागतं, जेवूखाऊ घालावं लागतं. पुढचं पुस्तक मी घरी चोरून वाचून काढलं. चुलीवर भाकरी करपे आणि मी जुळवत बसे, उद्या तो काय बोलेल, कुठं बसेल. खोट्याचा एक दगड बसवला की त्याला टेकायला दुसरा लागतोच ना?

मग रामुलूचं पत्र आलं. पोस्टमननं दिलेलं पत्र नरसव्वांनी माझ्या हातात ठेवलं, आणि हळूच म्हणाल्या, “बिड्डा, ह्यात जे लिवलंय तेच वाच. गवंड्यागत करू नको.”

माझ्या पायाखालची ओसरी सरकली. राजव्वा, त्यांची जाऊ, पदराआड हसत म्हणाली, “भाताच्या मुलखात हुरडा कुठला गं? अन् पुस्तकातला गवंडी ‘लई ग्वाड हाय’ म्हणतोय व्हय?”

खरंच की! त्या म्हाताऱ्याला मी पुलावर बसवून माझ्या माहेरचा ज्वारीचा हुरडा खाऊ घातला होता, माझ्या बापाच्या बोलीत बोलतं केलं होतं. साऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि तरीही माझ्या सुपात मुठी पडत राहिल्या होत्या!

पत्र लहानसं होतं. तापानं पडलो होतो, आता बरा आहे, कामावर जातो, दिवाळीला येतो. मी दोनदा वाचलं. नरसव्वांनी ते घडी घालून घेतलं आणि उठून गल्लीच्या टोकाला दुकानदाराकडं गेल्या, पुन्हा वाचून घ्यायला. तेवढा वेळ मी मान खाली घालून बसले. राग कुणाचा धरणार? मायेपोटी बोललेल्या खोट्यानंही माझ्या खऱ्याला साक्षीदार लागू लागला होता.

त्या परतल्या. “तेच हाय,” म्हणाल्या. बसल्या, मूठभर विड्या माझ्या सुपात टाकल्या. “आता वाच. तो कसा गेला, ते वाच.”

मी पानं मागं उलटली. पाणी चढलं, दोर सुटला. साऱ्या कात्र्या थांबल्या. ज्यांनी तो ओढा कधी पाहिला नाही, त्या बायका तंबाखूच्या बोटांनी डोळे पुसत होत्या, आणि ते अधिकच झोंबत होते.

“अन् पूल?” राजव्वानं विचारलं.

“झाला. लोकांनी पुरा केला.”

साऱ्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मी शेवटचं पान उघडलं, नरसव्वांपुढं धरलं आणि पूल पुरा झाल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी टेकवलं आणि ओळ संपेपर्यंत माझ्याबरोबर सावकाश चालवत नेलं.

ती कादंबरी आज माझ्याजवळ आहे. शेवटच्या पानावर, एका ओळीखालून, तपकिरी डागाची फिकट रेघ गेली आहे. पान उघडलं की तो वास येतो आणि बोटं अस्वस्थ होतात. आता जे काही वाचते, लिहिते, ते एकटीच. ओळीवर बोट ठेवते, आणि ते उगीचच थोडं बाजूला सरकवते, शेजारी आणखी एक बोट मावेल इतकं.