सायनस म्हणजे खाडी

नातवाच्या औषधाच्या चिठ्ठीवर ‘सायनस’ वाचलं आणि मला मिरकरवाड्याची जनाक्का आठवली. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी रत्नागिरीत एका दवाखान्यात नर्स होते.

जनाक्का मासळी विकायची. महिनाभर तिचा गाल ठणकत होता. डॉक्टर म्हणाले, “सायनस भरलाय. नाकातून सुई घालून पू धुऊन काढावा लागेल.”

“डोक्यात सुई? मी नाय!” म्हणत ती उठलीच. मी तिला दारात गाठलं.

“आक्का, गालाच्या हाडात पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ पदराचा घोळ, तशीच खाडीसुद्धा.”

“खाडी?” तिने गालावर हात ठेवला. “मग खाडीच्या तोंडाशी गाळ बसला असंल. पानी तुंबनारच गो! काढायलाच हवा.”

आणि ती आपणहून खुर्चीत जाऊन बसली. तेव्हा वाटलं, मी तिला शिकवलं. पण मला नुसता शब्द पाठ होता. खाडी तिने जन्मभर पाहिली होती.

आठवड्याने ती हसत आली. “बाय, आज बांगड्याचा वास आला! महिनाभर वासच नव्हता, ताजी-शिळी मासळी नुसती डोळ्यांनी ओळखत होते. कुनाला कळू दिलं नाय.”