कपाचा कान

प्लँटच्या ड्रॉइंग ऑफिसात मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. रिटायर झालो आणि ठरवलं, आता चित्रं शिकायचीच, तीही आपली आपण. या वयात मास्तरची बोलणी कोण खाणार? दुर्गच्या बाजारातून तीन जाडजूड पुस्तकं आणली, मोबाइलवर व्हिडिओ लावले. एक म्हणे आधी सावल्या शिका, दुसरा म्हणे आधी रंग. महिनाभर नुसतं बघणंच झालं.

शेवटी चिडून समोरचा चहाचा कप काढला. बायकोने कागद उचलला.

"हे टिंब टिंब काय हाय?"

"कपाचा कान. मांगं हाय तो."

"तुमाले दिसून राहिला का?"

"नाही."

"मंग काढला कावून?"

प्लँटच्या ड्रॉइंगमध्ये झाकलेला भाग तुटक रेषेने दाखवावाच लागतो, नाहीतर फिटर चुकतो. कपाला कुठला आलाय फिटर! त्याच दिवशी व्हिडिओ बंद केले आणि दोन पुस्तकं कपाटावर टाकली. तिसरं ठेवलं, कारण ते पानोपानी एकच सांगत होतं: वस्तू समोर ठेवा, दिसेल तेवढंच काढा. मग रोज सकाळी एक चित्र. कुकर, चप्पल, स्कूटर. हात तुटक रेषेकडे वळला की कागद फाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

चार महिन्यांनी खिडकीशी भाजी निवडत बसलेल्या बायकोला एका बाजूने काढलं. तिने चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"आन् माह्या दुसरा डोळा कुठं गेला?"

"मले दिसूनच नव्हता राहिला," मी म्हणालो.