मोजायला मी हाय

“सुरू करा की शेठ, मोजायला मी हाय.”

दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून, माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघत तो हे म्हणायचा. नमस्काराच्या जागी हेच वाक्य. साखर पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दोन गल्ल्या पलीकडे हा मागावर टर्किश टॉवेल विणायचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी. पन्नाशीला आला होता, तरी मांड्या खांबासारख्या. सगळे त्याला पैलवान म्हणायचे, मीही. कुस्ती मात्र त्यानं कधी खेळली हे गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. त्याला वेड होतं ते फक्त बैठकांचं.

त्याच्या तालमीचा एक रिवाज होता. बैठका मारणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही. जोडीदारानं समोर उभं राहून मोजायचं, आणि मारणाऱ्याचं संपेपर्यंत जागा सोडायची नाही. याचा जोडीदार म्हणजे याचा थोरला भाऊ, अण्णा. तीस वर्षं रोज सकाळी अण्णानं तेलुगूतून मोजलं. ओकटि, रेंडु, मूडु. मग एका उन्हाळ्यात अण्णा तापानं गेला आणि याच्या बैठका बंद पडल्या. दुसऱ्या कुणी मोजलं तर गुडघा वाकायचाच नाही म्हणे.

“रेडिओ ऐकत मारून बघतो,” असं म्हणत तो माझ्याकडे आला तो तेव्हा. ट्रान्झिस्टरचा कानात घालायचा बोंडका पहिल्याच बैठकीला निसटला. मग आमचं हेडफोनचं संशोधन सुरू झालं. एक जोड इतका जड, की खाली बसताना नाकावर यायचा. दुसरा इतका घट्ट, की पैलवानाचे कान लाल व्हायचे. दुकानात गिऱ्हाइकांसमोर बैठका मारून तो प्रत्येक जोड पारखायचा, आणि गिऱ्हाइकं रेडिओ विसरून त्यालाच बघायची. “डोकं धरलं पायजे, दाबलं न्हाय पायजे,” ही त्याची कसोटी.

शेवटी जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारातला एक हेडफोन मिळाला. पोलादी पट्टी, कापडानं मढवलेली वायर. कानावरच्या गाद्या तेवढ्या फाटल्या होत्या. पैलवानानं स्वतःच्या मागावरचा टॉवेल कापून आणला आणि मी गाद्यांना खोळी शिवल्या. घाम त्यात जिरायचा, कान दुखायचा नाही. पैलवान खूश झाला आणि खरं सांगतो, मलाही आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं.

काही महिन्यांनी आपली कारागिरी बघायला मी सकाळी तालमीत गेलो. पैलवान डोळे मिटून बैठका मारत होता. हेडफोन जागचा हलत नव्हता. मी समाधानानं बघत उभा राहिलो, आणि मग आठवलं, की याचा रेडिओ तर आठ दिवसांपासून माझ्याच दुकानात दुरुस्तीला पडलाय. वायरचं टोक त्यानं लंगोटात खोचलं होतं.

साठ झाल्यावर तो थांबला. धापही लागली नव्हती. मी रेडिओचं विचारलं.

“रेडिओ राहू दे तुमच्याकडं. अण्णा मोजतोय की. काल एकसष्टला थांबलावता, आज साठला. रोज एक कमी करतो. संपलं की त्यालाबी सुटी, मलाबी.”

पाऊस येईल असं सांगावं तसं त्यानं हे सांगितलं. मी हेडफोन माझ्या कानाला लावला. आत टॉवेलची ऊब, घामाचा वास आणि दुसरं काही नाही. तो हसला. बसल्याशिवाय कसं ऐकू येईल, म्हणाला. मी बसलो नाही. घरी जाताना सायकलवर मनात एकच आकडा फिरत होता. दोन महिने.

रोजच्या बैठका दहावर आल्या असताना हेडफोनची पट्टी मोडली. तो हेडफोन घेऊन आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तसली पट्टी आता मिळत नाही, असं मी सांगितलं. तशीच दुसरी पट्टी माझ्या खणात होती. तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं.

तो रोज सकाळी येऊन पायरीवर बसायला लागला. माझ्या पोटावर बोलणं बंद झालं. आठव्या दिवशी त्याला पायरी चढवेना. मी हात दिला, तर त्याचा हात गार पडलेला.

“शेठ, पट्टी हाय तुमच्याकडं. मला ठावं हाय. माझ्यासाठी दडवून ठेवलीया, ते बी ठावं हाय. पन अण्णा तितं उभा हाय हो. मोजणाऱ्याला असं ताटकळत ठेवू ने.”

मी पट्टी बसवून दिली. बसवताना मला पैलवानाचा राग आला होता.

त्यानंतर दहाव्या दिवशी मी तालमीत गेलो. उन्हं नुकती आत आली होती. त्यानं हेडफोन लावला, एक बैठक मारली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हात जोडले. मग हेडफोन काढून, नीट पुसून माझ्या हातात दिला. “टिकला बघा. कान दुखला न्हाय एक दिवस.” दारातून वळून माझ्या पोटाकडे बघितलं. “सुरू करा की शेठ. मोजायला मी हाय.”

घरी जाऊन जेवला, आडवा झाला, तो उठला नाही.

हेडफोन मी खणात कुलूप लावून ठेवला. तीन वर्षं हात लावला नाही. मग डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून व्यायाम करा असं बजावलं, तेव्हा एका दुपारी दुकानात कुणी नसताना तो बाहेर काढला. खोळींना अजून त्याच्या घामाचा वास होता. तो कानाला लावला, वायर मोकळीच लोंबत होती. काउंटर धरून, गुडघे कुरकुरत, मी एक बैठक मारली.

“ओकटि,” पैलवान म्हणाला.

मी हेडफोन ओढून काढला आणि काउंटरवर टाकला. बाहेर रस्त्यावर नेहमीसारख्या सायकली चालल्या होत्या. बराच वेळ मी लांबूनच हेडफोनकडे बघत उभा राहिलो. मग ध्यानात आलं, की माझी एकच झालीय आणि पैलवान तिथं उभा आहे.

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि दुसरी बैठक मारली.