झाडाची परवानगी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाच्या दुष्काळात आमच्या रेणापूरकडच्या गावात एकजण ट्रॅक्टरमागं आरा मशीन ओढत यायचा. पाऊस नसला तरी नव्या कचेऱ्यांना टेबल-खुर्च्या हव्याच होत्या. माणूस लई धार्मिक. कापण्याआधी झाडाला कुंकू लावायचा, हात जोडून विचारायचा, "बाबा, कापू का?" झाड गप्प राहायचं. तो त्याला होकार समजायचा आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आंब्याच्या फळ्या पाडायचा.

शेवटी मी दारातला लिंब विकायला काढला. त्यानं कुंकू लावलं, विचारलं, खोडाला कान लावला आणि मला म्हणाला, "मालक, ह्यो न्हाई म्हणतोय."

पहिल्यांदाच झाड बोललं होतं. गावात सावली तेवढीच उरली होती, अन् त्या सावलीत त्याचं मशीन उभं होतं.