बुजगावण्याला सांगितलेली गोष्ट

खुळेपणा करायचा तर तरुणपणी करावा, शोभून जातो. मी केला सत्तरी ओलांडल्यावर, तोबी ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसून. ऐका, अन् हसायचं तर हसा.

नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव. तिथं विद्यापीठातून एक मॅडम आल्या. कॉम्प्युटरमधल्या खोट्या गावात माणूस स्वतःला कोण म्हणवतो, तिथं कसल्या गोष्टी सांगतो, हा त्यांचा अभ्यास. डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा बांधला की ते गाव दिसतं.

"नाना, तिथं तुम्ही कुणीही होऊ शकता," मॅडम म्हणाल्या. "आणि आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तिथं कुणाला तरी सांगा."

ग्रामपंचायतीत बसून मी चष्मा बांधला अन् पंचविशीतला पैलवान झालो. काळ्याभोर मिशा, नाव सर्जेराव. आता मला दत्तूनाना कोण म्हणणार?

अशी गोष्ट माझ्याकडं एकच होती. माझ्या अन् भानुदासच्या रानामधला बांध मी दरसाल नांगरताना थोडा थोडा कोरत आलतो. तो म्हणायचा, "नाना, बांध सरकल्यावानी दिसतोय." मी म्हणायचो, "बीडला जाऊन डोळे तपासून घे." त्यानं सरकारी मोजणी आणली असती, तर ह्या वयात गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

खोट्या गावात माणसं लई हिंडत होती, पण माणसाला सांगायची छाती होईना. मग एका रानात बुजगावणं दिसलं. हात पसरलेले, मान ताठ, हलणं न्हाई, बोलणं न्हाई. एवढा भरवशाचा गडी दुसरा कुठं मिळायचा?

राम राम घातला अन् सगळं ओतलं. कोणत्या साली किती, लिंबाकडून किती, वढ्याकडून किती. "चार हात खाल्लं बाबा भानुदासचं," मी म्हणलो. "गरीब हाय, त्याला पत्ता न्हाई."

लई हलकं वाटलं. तेवढ्यात बुजगावणं खाकरलं.

"दत्तूनाना?"

"कोण बे?"

"मी भानुदास. शाळेत बसलोय. मॅडमनी मलाबी चष्मा बांधलाय. हलायचं बटन घावंना, म्हणून हुभा हाय."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमी बोलू दिलं का?"

मी आवाज जाड करून म्हणलं, "तुझा घोटाळा होतोय गड्या. मी सर्जेराव."

"मिशा असतील सर्जेरावाच्या. आवाज तुमचाच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदास दोरी घेऊन बांधावर हजर. मी मुकाट्यानं दुसरं टोक धरलं.

"मोजणीवाले कधी येत्यात?" मी हळूच विचारलं.

"कशाला? तुमी स्वतःच चार हात म्हणलाय की."

चार हात मोजून त्यानं माझ्या रानात खुंटी ठोकली, हात झटकले, अन् अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नाना, खरं सांगू का? मला वहीम दीडच हाताचा होता."