पायपेटी आणि मामांचा डावा पाय

मामीचा फोन आला तेव्हा मी सोनईच्या बाजारात वांगी निवडत होतो. "मामा गेले रे, झोपेतच," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "रविवारी पेटी कोन वाजविनार, ते बघ आदी." रडणं तिनं नंतरसाठी ठेवलं होतं... दाविदमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, कोल्हारच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. खाली दोन पायडलं, ती आलटूनपालटून दाबत राहायची, तेव्हा भात्यात हवा भरते आणि वर सूर निघतो. पाय थांबला की गाणं संपलं.

आणि काही वर्षांपूर्वी मामांचा पाय थांबू लागला. कडवं संपतासंपता डाव्या पोटरीत असा गोळा यायचा की पायडल दाबवेना. पण कुरकुरतील ते मामा कसले. त्यांनी डोळे मिटले, हात उंचावला आणि धीरगंभीर आवाजात सांगितलं, "इथं क्षणभर मनन करू." मंडळी मनन करू लागली. गोळा उतरला की पुढचं कडवं. आधी गाण्यात एखादं मनन असायचं, मग कडव्यागणिक... पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले, "दाविदरावांची भक्ती वयाबरोबर वाढत चाललीय." मामी शेजारीच उभी होती. "भक्ती कसली," ती म्हणाली, "पाय बर्फावानी गार पडलाय, आन् अंगठा काळा."

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी शिरांचा फोटो काढला. मांडीतली रक्ताची नळी बुजली होती. "उजव्या पायातली शीर काढून डाव्यात बसवू. बुजलेल्या जागेला वळसा घालून रक्त खाली जाईल. जमलं तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याखाली कापावा लागेल. आणि या वयात जिवालाही धोका आहेच."

मामांचा मुलगा शमू घाबरला. "पपा, कशाला एवढा खटाटोप? आत्ताच कापून मोकळं होऊ. जीव तर ऱ्हाईल."

"शमू, पेटीला पायडलं दोन हायेत. दुसरं तू येऊन दाबनार का?"

"मला कुठं ताल कळतो?"

"म्हनून तर म्हनतो."

बाईंनी तंबाखू कायमची बंद करायला सांगितली. मामांनी लगेच चंची काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "मला नको ती," बाई म्हणाल्या. "खाऊ नका, पन ठेवा," मामा म्हणाले. "माज्याजवळ ऱ्हायली तर माजा भरवसा न्हाई."

ऑपरेशननंतर बाईंनी पेनाएवढं यंत्र मामांच्या पावलावर टेकवलं. आम्ही खाटेभोवती उभे. आधी नुसती खरखर... मग हुश्श, हुश्श. पायात रक्त उतरल्याचा आवाज. मामा डोळे मिटून खाटेच्या कडेवर बोट वाजवत होते. "लय संथ हाय बाई," ते म्हणाले, "पन ठोका चुकत न्हाई."

घरी आल्यावर चालणं सुरू झालं. आधी ओट्यापर्यंत, मग प्रवरेच्या काठापर्यंत, मागून खुर्ची घेऊन मामी. "बसा आता." "बसलो तर परत बुजंल." टाक्यांच्या जागी दुखायचं, मामा दात आवळून पुढं जायचे. चर्चमध्ये परतले त्या रविवारी तर बहार झाली. कडवं संपलं, मंडळींनी सवयीनं डोळे मिटले, आणि पेटी न थांबता पुढं निघून गेली. सगळी मंडळी धावतपळत मागून. मामांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला. त्यानंतर जाईपर्यंत मामांनी एकाही गाण्यात मनन घेतलं नाही.

आता शमूची मुलगी पेटी वाजवते. तिचा डावा पाय घसरतो म्हणून परवा पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं वाकून पाहिलं. दोन्ही पायडलांची रबरं ऑपरेशननंतर बसवलेली, तरी उजव्याचं जवळजवळ कोरं. डाव्याचं पार झिजून लाकूड उघडं पडलेलं, तेही टाचेच्या आकारात खोल गेलेलं. परत बुजू नये म्हणून वाचवलेल्या पायाकडूनच मामांनी सगळी हवा भरून घेतली होती. कारागीर नवं रबर कापायला बसला, तशी मामी पुढं झाली.

"डाव्याला हात लावू नको," ती म्हणाली. मग नातीकडे वळली. "आन् तू, पाय रोवून दाबायला शीक."