बॅटरीसकट वजन

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात शहाजी कदमांच्या वजनावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. तोलणार म्हणून सगळी नोकरी तिथंच झाली. निवृत्त झाले, गुडघे गेले, पण मेथीची जुडीसुद्धा हातात तोलूनच पिशवीत टाकायची खोड काही गेली नाही. म्हणून लेकीनं, मोनालीनं, ड्रोन पुढ्यात ठेवून "आबा, वजन तुम्हीच करा" म्हटलं, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

मोनालीचं जुईनगर स्टेशनाबाहेर मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकान बंद करून आली, की जेवणाच्या टेबलावर ती चार पंख्यांचं ते पाखरू जुळवत बसायची. ते आबांसाठीच होतं. कोरेगावकडं त्यांच्या गावी, डोंगरावरच्या भैरोबाला रविवारी नवा कळस चढणार होता. मार्केटातल्या गाववाल्यांच्या मागं लागून कळस घडवून घेतला तो शहाजींनी, आणि आता डॉक्टरांनी चढणंच बंद केलं. गावातली पोरं डोलीत बसवून न्यायला तयार होती. त्यावर ते म्हणाले, जन्मभर पोती तोलली, आता मीच पोतं होऊन वर जाऊ काय. पायथ्याला बसून नारळ फोडीन, असं ते हसत सांगायचे. त्यांची बायको शालन मात्र ते हसू ओळखून होती.

मोनालीची अट एकच, नियमात बसलं तरच उडवणार. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर गेलं की लागतं, आणि घरी जुळवलेल्या ड्रोनला ते मिळण्यातलं नव्हतं. इथं विमानतळाच्या शेजारी उडवायचं नावच नको. गावचा डोंगर मात्र ड्रोनच्या सरकारी नकाशात हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा होता, ते तिनं आधीच पाहून ठेवलं होतं.

शहाजींनी काटा शून्यावर आणला, ड्रोन ठेवला, आकडा थांबेपर्यंत श्वास धरला. एकशे ब्याण्णव. मग काय, शालननं शिऱ्याला रवा भाजायला घेतला. गावी धाकट्या भावाला, जोतीरामला, फोन गेला की कळस मी खालनं मोबाईलवर बघणार हाय, माझ्यासाठी थांबू नका.

शिरा खाऊन मोनाली सामान भरायला लागली, तर फडक्यात गुंडाळलेली बॅटरी हाताला लागली.

"आबा, ही लावून केलं ना वजन?"

"ती कशाला? ती बारदान. माल तेवढा धरायचा."

मार्केटात रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करूनच मालाचा आकडा सांगतात. बॅटरी काढता येते, भरून पुन्हा लावता येते. शहाजींच्या लेखी ते पोतंच.

उडताना जे जे हवेत असतं ते सगळं धरतात, हे मोनालीनं त्यांना समजावलं आणि बॅटरी लावून ड्रोन परत काट्यावर ठेवला. दोनशे बासष्ट.

शालननं एकदा नवऱ्याकडं, एकदा लेकीकडं पाहिलं. "बारा ग्रॅम म्हंजे हळदीची पुडी. डोंगरावर कोण बघतंय?"

"मी बघतोय," शहाजी म्हणाले. मग काटा बंद करत, "जोत्याला सांगा, न्हाई जमत."

"थांबा ओ आबा. लगेच काय टेन्शन घेता," मोनालीनं स्क्रू ड्रायव्हर उचलला.

मग टेबलावर कापाकापी सुरू झाली. कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं कवच सोललं. लांब ठेवलेल्या वायरी आखूड केल्या. लोखंडी स्क्रू काढून नायलॉनचे बसवले. प्रत्येक तुकडा निघाला की शहाजी तो तळहातावर घेत, अंदाज सांगत, आणि काटा हो म्हणे. एव्हाना त्यांचा आवाज परत खणखणीत झाला होता. आकडा घसरत दोनशे बावन्नवर आला आणि अडला. काढण्यासारखं काहीच उरलं नाही.

"मम्मी, हा काय प्रकार?" ड्रोनच्या पोटाखाली काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधलेला होता.

शालन पदर सावरत म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून बांधला, त्यात काय एवढं?"

"सोड," शहाजी म्हणाले.

"सोडते. पण पडलं तर माझ्या नावानं बोंबलू नका." कुरकुरत का होईना, गाठ तिनंच सोडली. दोनशे अठ्ठेचाळीस. शहाजींनी ड्रोन उचलला, परत ठेवला. तोच आकडा. त्यांनी दोन्ही गुडघे लांब केले आणि उरलेला शिरा मागितला.

रविवारी पायथ्याच्या चिंचेखाली खुर्ची टाकून ते मोबाईलवर वाकून बसले होते. गर्दीवरून न्यायचं नाही म्हणून मोनालीनं ड्रोन कड्याच्या बाजूनं वर घेतला. आधी नुसती करवंदीची जाळी दिसली, मग पायऱ्या, मग देवळाचं शिखर. चार माणसं शिखरावर कळस बसवत होती. कळस बसला. वरचा ढोल खाली ऐकू यायला क्षणभर वेळ लागला.

"सरळ बसलाय का ओ?" शालननं विचारलं.

शहाजींनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "सरळ हाय," ते म्हणाले, आणि मोबाईल तिच्या हातात देऊन नारळ फोडायला उठले.